पिल्लांची एकादशी

वळसंग,
माघ वद्य पंचमी, शके १८५७

प्रिय गोजर,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. आजवर तशी गरजच पडली नाही. मी ओसरीवर, तू चुलीपुढे, मध्ये एक भिंत. जे काय सांगायचं ते भिंतीला ऐकवलं की तुला पोचायचं. आज मायना काय घालावा इथेच गाडं अडलं. सुनेला कसं लिहावं, विधवा बहिणीला कसं लिहावं, हे सगळे मायने मी शाळेत पोरांकडून घोटून घेतले, पण त्यातला एकही तुला लावावासा वाटेना. शेवटी मनात होता तोच शब्द लिहून टाकला. अक्षर कुठे बिघडलं असेल तर निमूटपणे सोसू नकोस. पाटीवर बाराखडी गिरवून घेताना मी तुला अक्षरावरून पुष्कळ बोललो आहे, तेव्हा आता तुझी पाळी.

बाळासो संक्रांतीच्या आधी येऊन गेला, आणि मी उत्तर देतो आहे आता, माघ सरत आल्यावर. तुझा भाऊ भला माणूस. चहाची बशी हातात तशीच धरून, खाली मान घालून त्याने विषय काढला. तुमच्या सांगोल्याकडचाच कोंडीबा, बायको जाऊन बरेच दिवस झाले, मूलबाळ नाही, विहिरीखाली जमीन आहे आणि तुझ्याशी पाट लावून नवा संसार मांडायला तो तयार आहे. पुढे बाळासो म्हणाला, "पण गोजरी काय बोलंना, मास्तर. व्हय म्हणंना की न्हाय म्हणंना. निस्तं म्हंती, खुराड्यातली पिल्लं कशी हायत त्ये मामंजींनी सोत्ता लिवून कळवावं." त्याला त्याचं हसू येत होतं. मला मात्र तुझा निरोप तिथल्या तिथे कळला. पिल्लं बरी नसतील तर पाट-बिट बाजूला सारून तू वळसंगला परत येणार, आणि बरी असतील तर तिकडचीच होणार. सगळं माझ्यावर टाकलंस, आणि तेही असं, की मला ना तुला ये म्हणावं लागावं ना जा म्हणावं लागावं. मोठी हुशार आहेस.

आधी इकडचं सांगतो. ज्वारी काढणीला आली आहे. करडईचे काटे आता धोतराला धरायला लागलेत, त्यामुळे मी शेतात जातो तो बांधावरूनच आणि गडी माझ्याकडे बघून हसतात. शेजारची बजाबाई रोज सकाळी येऊन खुराड्यातली अंडी काढते आणि सोलापूरला स्टेशनाजवळच्या हॉटेलवाल्याकडे पोचवते. मी अंड्याला शिवत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी लांबून काठीने दाखवतो, ते बघ तिकडे कोपऱ्यात एक आहे म्हणून. त्यावर तिचं रोजचं ठरलेलं, "मास्तर, काठीनं दावलं म्हंजी माळ बाटत न्हाय व्हय?" गळ्यात तुळशीची माळ आणि दारात कोंबड्या असा माणूस पंचक्रोशीत मी एकटाच असेन. लोकांनी हसू नये अशी अपेक्षा मी केव्हाच सोडली.

तो गेल्यापासून कुंडलिकाचं नाव काढायचं नाही, असं आपल्या दोघांत न बोलता ठरलं होतं. आज मी तो बेत मोडतो, रागावू नकोस. तो शेतकी खात्याच्या कामाला पुण्याला गेला होता आणि तिथून त्या पांढऱ्या विलायती कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन रेल्वेने आला, तो दिवस मला अजून दिसतो. शर्टावर कोंबड्यांनी जे करायचं ते केलेलं, आणि चेहरा असा, की लग्नाच्या दिवशीही इतका फुलला नव्हता. तू दारात पदर तोंडावर धरून हसत होतीस. मग त्याने मला धडा दिला, मीच त्याचा मास्तर असून. म्हणाला, देशी कोंबडी उकिरडा उकरते, किडे-मुंग्या वेचते, आपलं आपण बघते. ह्या बंदिस्त राहणार, ह्यांना ताटात वाढावं लागणार. वाढीच्या पिल्लाला नुसती ज्वारीची कणी घालणं म्हणजे पोराला कोरड्या भाकरीवर वाढवणं. बरोबर काहीतरी अंग धरायला लावणारं हवं. ते काहीतरी म्हणजे सुकट. दुसऱ्याच आठवड्यात त्याने सुकटीचं पोतं ओसरीवर आणून टाकलं.

त्याची आई गेली तेव्हा मी माळ घातली. त्यामुळे पोतं बघून पोराला मी एका शब्दाने बोललो नाही, वळकटी उचलली आणि शाळेत जाऊन झोपलो. तिथे दोन रात्री डासांनी माझी हजेरी घेतली. तिसऱ्या दिवशी पोतं बजाबाईच्या गोठ्यात गेलं आणि मी घरी आलो. तो म्हणाला, "दादा, तुमचा राग लई गुपचूप असतो की." मी हसलो. पुढे तो पिल्लांचं खाणं तिकडेच कालवायचा आणि हात धुऊनच आपला उंबरा चढायचा. मला वाटलं होतं, बापलेकांनी अशी एकमेकांची मर्जी राखत बरीच वर्षं काढायची आहेत. त्याच पावसाळ्यात पटकी आली.

त्याच्यामागे पिल्लं राहिली, पोतंही अर्धंअधिक राहिलं. ते तू बजाबाईलाच देऊन टाकलंस. मी तुला तसं सांगितलं नव्हतं. नवऱ्याने हौसेने आणलेली वस्तू, ती ठेवायचा तुला हक्क होता, आणि मी तेव्हा कशालाच हरकत घेतली नसती. मला वासही येत नव्हता. पण माझ्या माळेसाठी म्हणून तू ते काढलंस आणि मी ते काढू दिलं. मग पिल्लांची पिसं विरळ झाली, पंख लोंबायला लागले, एकमेकांच्या शेपट्या टोचून रक्त काढायला लागली. बजाबाई म्हणाली, वारूळ फोडा, वाळवी घाला, समद्या गावात तसंच करत्यात. त्यावर तू म्हणालीस, "पंचमीला ज्येला दूध-लाह्या वाहिल्या, त्येच्यावर कुदळ कशी घालू?" असं हे घर. सासऱ्याला सुकट चालेना, सुनेला वारूळ फोडवेना, आणि मधल्यामध्ये पिल्लं मरायला टेकली.

मग ती एकादशी आली. आपल्या घरात त्या दिवशी जातं बंद, धान्याच्या कणगीला हात नाही. तू दाराआडून विचारलंस, "मामंजी, आज पिल्लांस्नी काय घालू? दाण्याला शिवायचं न्हाय." दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अगं पाखरांना कसली एकादशी, टाक मूठभर कणी. पण मी पडलो मास्तर. नियम म्हणजे नियम. मी फर्मावलं की ह्या घरात जे माणसं खातील तेच पाखरं खातील, त्यांनाही फराळाचं घाल. थोडी शिजलेली भगर आणि त्यात मुठीमुठीने शेंगदाण्याचं कूट, असा फराळ आपल्या पिल्लांनी केला. बजाबाईने ते गावभर केलं. देवळात भजनाला बसलो तर मृदंग वाजवणारा विचारतो, काय मास्तर, कोंबड्यांनी उपास सोडला का?

पण तुझी नजर दुसरीकडे होती. पिल्लं कुटावर तुटून पडली हे तू पाहिलंस. दुसऱ्या दिवशी मला न विचारताच तू कणीत कूट घातलंस, तिसऱ्याही दिवशी घातलंस. आठवडाभराने मी सहज खुराड्याकडे बघितलं तर टोचाटोची थांबलेली आणि ते लंगडं पिल्लू चक्क उड्या मारत होतं. "पिल्लांस्नी एकादशी मानवली, मामंजी," असं म्हणून तू हसलीस. कुंडलिक गेल्यानंतर तुझं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नियमाच्या नादात माझ्या हातून झालेला तो एकमेव बरा खुळेपणा.

नंतरचं वर्षभर आपण काय काय केलं, सांग. रोज शेंगदाणे कुठून आणणार, म्हणून मी सोलापूरला मंगळवार पेठेतून शेंगदाण्याची पेंड आणायला लागलो. घरची करडई घाण्यावर दिली की तिची पेंड मिळे, पण तिच्यात टरफलं फार. पिल्लांच्या गळ्याखाली गोळा होऊन बसायची. तू ती कुटून, दोनदा चाळून, टरफलं बैलाला आणि पीठ पिल्लांना असा मार्ग काढलास. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरला, तुरीची चुणी कालवली, विहिरीच्या पाटाला लसूणघास लावला. भर पावसाळ्यात पेंडीला बुरशी धरली तेव्हा अख्खी पाटी तू उकिरड्यावर ओतलीस, आणि मी नासाडी-नासाडी म्हणून दिवसभर कुरकुरत राहिलो. पुढे ऐकलं की दुसऱ्या आळीत तसलीच पेंड खाऊन कुणाच्या कोंबड्या पटापट गेल्या. दर एकादशीला मी मुद्दाम विचारायचो, आज तुमच्या लेकरांचा उपास आहे ना, आणि तू म्हणायचीस, "त्येंचा रोजच उपास हाय, मामंजी." संध्याकाळी मी ओसरीवर, तू आत, आणि आपलं पेंडीवर बोलणं चालायचं. आज किती घातली, उद्या किती घालायची, कोणत्या पिल्लाने खाल्लं नाही. दोघांच्या मनात दुसरंच असायचं. मला तेवढं पुरत होतं. तुला पुरत होतं का, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नाही, आणि आता ह्या पत्रातून विचारण्यात काही अर्थ नाही.

दिवाळीला बाळासो तुला घेऊन गेला तेव्हा नवी पिल्लं नुकतीच अंड्याबाहेर आली होती. निघताना तू बजाबाईला काय काय सांगत होतीस. मी म्हटलं, काही काळजी करू नकोस, मी वर्षभर बघतोच आहे. बघत होतो हे खरं, पण ओसरीवरून. तू गेल्यावर मी पेंड बरोबर कुटली, बरोबर चाळली, पाला चुरला, आणि हुलगे भिजवून, भरडून घातले. घोड्याला चालतात ते पिल्लाला का नाही, असा मी विचार केला. पिल्लं महिनाभरात होती तिथेच थबकली. वजन धरेनात, पिसं फुटेनात, कोपऱ्यात पंख पसरून बसायला लागली. बाळासो आला तेव्हा ती अशीच बसलेली होती. त्याला कोंबड्यांतलं काही कळत नाही, म्हणून त्याने तुला सांगितलं नसेल.

आता जे लिहितो ते तुला वाचायला अवघड जाईल, मला लिहायला गेलं. तो गेल्यावर त्याच दुपारी मी कागद घेऊन बसलो. एक ओळ लिहायची होती, पिल्लं बसायला लागली आहेत म्हणून. शब्द न् शब्द खरा होता. ती वाचून तू मिळेल त्या मोटारीने निघाली असतीस आणि संध्याकाळी चूल पेटली असती. घरात माणूस हवं असतं गं. पिल्लांवाचून माझं काही अडत नाही, तुझ्यावाचून अडतं. मी कागद तसाच ठेवला आणि गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला गेलो. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, पण खरं सांगायचं तर जनावरांच्या बाजारात कोंडीबा येणार असं बाळासो बोलून गेला होता, त्याला बघायला गेलो होतो. त्याच्यात खोट काढायचीच असं ठरवून गेलो होतो.

एका खोंडाचे दात बघताना तो मला सापडला. मी कोण ते सांगितलं तसा तो मुंडासं सावरून उभा राहिला, आणि मी विचारत गेलो ते सांगत गेला. तंबाखू खातो, एवढी एकच खोट मला मिळाली. शेवटी मी विचारलं, बाबा रे, ती आली तर कोंबड्या ठेवू देशील का? तो म्हणाला, "त्येस्नी लागंल त्ये ठिवतील की. माजी कशाला हरकत? लसूणघास माझ्याकडं लई हाय." तुझं नाव न घेता 'त्येस्नी' म्हणाला, हे मला आवडलं, आणि आवडलं म्हणून वाईटही वाटलं.

जत्रेहून घरी आलो तर भावकीतले दोघेतिघे येऊन बसले होते. म्हणाले, आपल्या घराण्यात हल्ली पाट लावत नाहीत, मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच असं करायला लागल्यावर कसं व्हायचं. मी म्हटलं, शिकलेला आहे म्हणूनच. तेवढ्यावर ते उठून गेले, चहासुद्धा न घेता. आता एकदोन वर्षं मला लग्नकार्यात पंगतीच्या टोकाला बसवतील. बसवोत. टोकाला वाढपी उशिरा येतो एवढंच.

दुसऱ्या दिवशी बजाबाईला खुराड्यापुढे उभं केलं आणि विचारलं, माझं कुठे चुकतंय? तिने हुलग्याची पाटी बघितली आणि कपाळाला हात लावला. "कच्चं घालताय व्हय? शिजवून घालायची की ती. तुमचं माडगं बी त्याच पातेल्यातनं निघायचं. तुमास्नी वाटायचं, तुमच्यासाठीच रांधतीय." म्हणजे वर्षभर मी रोज रात्री जे हुलग्याचं माडगं मिटक्या मारत प्यायलो, ते पिल्लांच्या जेवणातलं उरलंसुरलं होतं. तुझा जन्मात राग आला नाही, पण त्या दिवशी थोडा आला, आणि नंतर एकटाच हसत बसलो. तेव्हापासून हुलगे शिजवतो. चूल फुंकायला शिकलो, मिशा थोड्या जळल्या. माडगं मात्र तुझ्यासारखं होत नाही. बजाबाई म्हणते, पिल्लांची तक्रार न्हाय, तुमचीच का?

आता ज्यासाठी हे पत्र ते लिहितो. पाट लागला की पहिल्या सासरचा उंबरा पुन्हा चढायचा नाही, ही रीत तुला माहीत आहे, मलाही आहे. सासूच्या पाटल्या परत पाठवायची रीतही माहीत आहे. ती तू पाळू नकोस, त्या हातातच राहू देत. आणि पाट दिवसाउजेडी लावा, चोरून करण्यासारखं काही नाही, असं माझं बाळासोला सांगणं आहे. राहता राहिलं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला खोटं लिहिता येत नाही. संक्रांतीला लिहिलं असतं तर खरं उत्तर तुला इकडे घेऊन आलं असतं, म्हणून तेव्हा लिहिलंच नाही. आधी पिल्लं बरी करायची आणि मग दौत उघडायची, असं ठरवलं. रोज सकाळी खुराड्यापुढे जाऊन उभा राहायचो. एखादं पिल्लू उठून दाण्याकडे धावलं की बरं वाटायचं, आणि लगेच मनात यायचं, की तुला बोलवायचं एक कारण कमी झालं. असं करत करत काल शेवटचं उठलं. सगळ्यांना पिसं भरली आहेत, कुणी कुणाला टोचत नाही, भरपेट खातात. गोजर, पिल्लं बरी आहेत. तू येऊ नकोस.

तुझाच,
मामंजी